येतो म्हणून गेलेले

पहिली तक्रार लातूरहून आली. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘तुमच्या खेळातला चहावाला माझ्यावर रुसला आहे. मी त्याचं काय वाकडं केलं ते कृपया कळवावं.’

दुसरी अकोटच्या एका शिक्षिकेची होती. खेळातल्या एका विहिरीवर त्यांना एका बाईनं पाणी पाजलं, चार गोष्टी झाल्या, त्या पुढे गेल्या. अकरा दिवसांनी त्याच रस्त्यानं परत आल्या तर ती बाई फडक्यात भाकरी बांधून तिथंच बसलेली. म्हणाली, ‘तुमच्यासाठी ठेवलीय.’ शिक्षिकेनं लिहिलं होतं, ‘मी खेळाचा चष्मा काढून ठेवला, पण मला दिवसभर चैन पडलं नाही.’ तिसऱ्या तक्रारीत एक वैद्यबुवा होते. ते म्हणे हातात काढ्याचा पेला घेऊन एका खेळाडूचा तीन गावं पाठलाग करत होते.

सोमवारी दुपारपर्यंत अशी चारेकशे पत्रं आली आणि एकातही शिवी नव्हती. त्यानंच मी घाबरले. खेळणारी मंडळी शिव्या घालतात तेव्हा काय दुरुस्त करायचं ते नेमकं कळतं. ही माणसं चक्क ओशाळलेली होती.

मी रेणुका बारबोले. नाशकातल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत आडवाटा लिहिते. आमच्या खेळाचं नाव ‘काजळगड’. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, तोंडानं बोलायचं, आणि गावोगाव हिंडत शेवटी गडावरच्या धूम्रासुराला संपवायचं, हा त्यातला राजमार्ग. तो कंपनीचे मालक सारंग काळसेकर यांनी चार वर्षं खपून स्वतः लिहिला. आडवाटा म्हणजे रस्त्यात मिळणारी किरकोळ कामं: कुणाची शेळी हरवली, कुणाचा निरोप पोचवायचा, कुणाच्या घरच्या भांडणात मध्यस्थी करायची. केली तर केली, नाही केली तरी खेळ अडत नाही. सारंगच्या मते आडवाटा म्हणजे ताटातली कोशिंबीर. लोक कोशिंबीर दुसऱ्यांदा मागून घेतात, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही खेळाला ‘पंचक्रोशी’ नावाचा जोडभाग दिला. पाच नवी गावं, चार हजार गावकरी आणि एकही आडवाट आधीपासून लिहिलेली नाही. त्या आपोआप फुटणार होत्या.

हे कसं, ते थोडक्यात सांगते. जुन्या खेळातल्या गावकऱ्याला पाच-सहा वाक्यं पाठ असायची. तुम्ही शंभरदा भेटलात तरी तो शंभरदा तेच बोलायचा. आमच्या नव्या गावकऱ्याला तीन गोष्टी दिल्या होत्या: आठवण, स्वभाव आणि अपेक्षा. तुम्ही त्याच्याशी जे बोलाल त्यातून तो तुमच्याबद्दल काहीएक अपेक्षा धरतो. माणसाला पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त आठवतं, हे मानसशास्त्राला केव्हाचं ठाऊक आहे. तोच गुण या गावकऱ्यांत उतरवला होता. पुरी न झालेली अपेक्षा दिवसागणिक वाढत जाते, एका पातळीच्या वर गेली की खेळ चालवणारं यंत्र तिच्यातून नवी आडवाट तयार करतं. शिवाय एका घरातली माणसं खेळत असतील तर गावकरी एकाचा निरोप दुसऱ्याला सांगतात. ही सोय मी हट्टानं मागून घेतली होती. बहीण-भाऊ एकमेकांना खेळात निरोप ठेवतील, मजा येईल, एवढाच विचार होता.

या यंत्राची देखभाल करते फरहीन मुजावर. सोमवारी दुपारी आम्ही दोघी लातूरच्या गृहस्थांचा खेळ पुन्हा लावून बघत बसलो. गृहस्थ चहा प्यायले, चहावाल्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि निघाले.

“निघताना काय म्हणाले?” फरहीननं विचारलं.

“येतो म्हणाले.”

“मग गेले का नाहीत परत?”

“परत कशाला जातील? निघताना येतोच म्हणतात. जातो कसं म्हणतील?”

बोलता बोलता मी थांबले. फरहीननं कपाळाला हात लावला आणि चहावाल्याच्या मनातली नोंद पडद्यावर उघडली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: ‘पाहुणे येतो म्हणाले आहेत. वाट बघायची.’

यंत्राला भाषा शिकवली होती ती पुस्तकांतून आणि बातम्यांतून. तिथं येतो म्हणणारा माणूस येतो. पंचक्रोशीतल्या चार हजार माणसांना महिनाभरात लाखो लोक येतो म्हणून गेले होते, आणि ती सगळी भोळी मंडळी वेशीवर डोळे लावून बसली होती. वैद्यबुवांचं कोडंही उलगडलं. त्या खेळाडूला कुणी हाक मारली की तो दोन गावं लांबून म्हणायचा, “आलोच.” यंत्रानं क्रियापद बघितलं तर भूतकाळ. माणूस बघितला तर दोन कोस लांब. निघालासुद्धा नाही आणि आलो म्हणतोय, म्हणजे याला भ्रम होतो, असं ठरवून त्यानं वैद्य पाठवला होता. लोहारानं तलवार दाखवली आणि खेळाडू “बघू” म्हणाला, की लोहार दुसऱ्या दिवशी अख्खं दुकान मांडून बसायचा.

“पण आपण तीन महिने तपासलं की हे,” मी म्हटलं. “तेव्हा कसं नाही आढळलं?”

“आपण चष्मा काढून नुसतं उठायचो,” फरहीन म्हणाली. “लोकांना वळण आहे. ते निरोप घेऊन उठतात.”

मंगळवारी सारंगनं बैठक घेतली. तो हसला नाही. त्याचं दुःख वेगळंच होतं. पत्रं पाठवणारे लोक खेळ सोडून गेले नव्हते, उलट जास्त खेळत होते, पण सगळे मागं वळून गावोगाव भेटीगाठी करत हिंडत होते. जोडभाग आल्यापासून गडाच्या पायथ्याशी चिटपाखरू फिरकलं नव्हतं. चार वर्षं लिहिलेला धूम्रासुर वर एकटा फेऱ्या मारत होता.

“शुक्रवारी दुपारी मी सगळ्यांच्या अपेक्षा पुसणार,” सारंग म्हणाला. “आणि येतो म्हणजे निरोप, एवढा अर्थ पक्का करणार. गावकरी जुन्यासारखे होतील. विषय संपला.”

“म्हणजे ओळखी पण जातील,” फरहीन म्हणाली. “अपेक्षा आणि आठवण एकाच धाग्यात विणलीय. एक काढली की दुसरी उसवते.”

“अगं, ती खेळातली माणसं आहेत.”

बोलणं खरं होतं. मला मात्र वाईट वाटलं. नक्की कशाचं, ते मी बुधवारी सकाळपर्यंत स्वतःला कळू दिलं नाही.

बुधवारी, पुसण्याआधी गावकऱ्यांना एकदा भेटून यावं म्हणून मी चष्मा लावला. तपासणीसाठी नाही, सहज. पंचक्रोशीतल्या वाकडी गावच्या बाजारात राही कासारीण बांगड्यांचं दुकान मांडून बसली होती. मला बघितल्याबरोबर तिनं हातातलं गिऱ्हाईक बाजूला ठेवलं.

“बारबोल्यांच्या घरच्या ना तुम्ही?” ती म्हणाली. “बसा. तुमच्या घरच्या बाई दर बुधवारी येतात. कुमुदबाई.”

मी तिच्यासमोर बसले.

“मी त्यांना विचारलं, घरी कोण कोण. म्हणाल्या, एक पोरगी आहे, येते म्हणून गेलीय. तुम्हीच का ती?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडायच्या आत डोळ्यांसमोर पिवळी पाटी उमटली. नवी आडवाट फुटली की अशी पाटी येते, तिचा रंग मीच निवडला होता. पाटीवर लिहिलं होतं:

आडवाट: आत्याकडे जाणे. सांगणार: राही कासारीण. ठिकाण: नकाशाबाहेर. मुदत: उलटून एकोणीस महिने.

मी चष्मा काढला.

कुमुदआत्यानं मला वाढवलं. आई-बाबा नोकरीसाठी मस्कतला होते, मी बार्शीला आत्याकडे. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही. वीस महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी कामाचा फोन आला. निघताना म्हणाले, “तू चालायला लागशील तेव्हा येते.” ती वॉकर धरून दारात उभी राहिली. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी असते, शाळेपासूनची पद्धत. मग ती चालायला लागली आणि मी गेले नाही. पहिल्या महिन्यात काम होतं. दुसऱ्या महिन्यात लाज होती. लाज महिन्यागणिक वाढत गेली आणि फोनवरचं बोलणं तेवढंच आखूड होत गेलं. मन राखायला मी तिला माझ्याच घरच्या खात्यावर नोंदवलेला चष्मा पाठवला, घरबसल्या हिंडशील म्हणून. त्यानंतर तो ती वापरते की नाही, हेही विचारलं नव्हतं. मी फार वाईट वागले होते, आणि ते मला एका बांगड्या विकणाऱ्या बाईनं सांगावं लागलं.

“फरहीन,” मी हाक मारली. “कुमुद बारबोले या खेळाडूच्या किती अपेक्षा बाकी आहेत बघ.”

फरहीननं बघितलं, पुन्हा बघितलं. “एकही नाही. चारशे बारा गावकऱ्यांना भेटल्यात, सगळ्यांना येते म्हणाल्यात, आणि सगळ्या ठिकाणी परत गेल्यात. राजमार्गावर एक पाऊल टाकलेलं नाही. कोण आहेत या?”

गुरुवारी सकाळच्या बसनं मी बार्शीला निघाले. कळवलं नाही, कारण कळवायला म्हणून फोन केला असता तर पुन्हा काहीतरी कारण सांगून बसले असते.

भगवंत मंदिरामागच्या आळीतलं दार उघडंच होतं. आत्या पलंगावर बसून डोळ्यांवर चष्मा लावून कुणाशी तरी बोलत होती. “हां, सुनेला सांग तुझ्या, मी सोमवारी अकराला येते. तवा बोलू निवांत.” मग चष्मा कपाळावर सरकवून तिनं माझ्याकडे बघितलं. केस पार पांढरे झाले होते.

“आलीस व्हय,” ती म्हणाली. “पाय धू. धपाटी आहेत, दही लावलंय.”

मी तिच्याजवळ बसले आणि रडले. तिनं मला रडू दिलं, फक्त मध्ये एकदा म्हणाली, “दह्यावर जाळी घालून ये, मांजर टपलंय.” मी नाक पुसत जाळी घालून आले.

“आत्या, मी येते म्हणाले होते.”

“म्हणाली होतीस की.”

“तू वाट बघत होतीस.”

“मी कशाला वाट बघू? मला सतरा कामं आहेत. एकट्या वाकडीत तीन लग्नं जमवायची राहिलीत.” ती धपाटं मोडत म्हणाली. “राहीनं विचारलं, मी खरं ते सांगितलं. कुणी विचारलं तर खोटं कशाला बोलायचं?” मग म्हणाली, “पहिले तीन-चार महिने बघितली. मग बंद केली. गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखायला लागलं.”

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला माफी मागायलाही जागा राहिली नाही. मी मागितली तरी. ती “बरं” म्हणाली आणि मला आणखी एक धपाटं वाढलं.

जेवण झाल्यावर मी तिला लातूरच्या गृहस्थांच्या चहावाल्याचं, वैद्यबुवांचं, उद्याच्या पुसण्याचं सगळं सांगितलं. वैद्यबुवांवर ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली. पुसण्याचं ऐकून गंभीर झाली.

“म्हंजे राही मला ओळखणार नाही?”

“नाही.”

“आणि हे सगळं त्या एका शब्दापायी?” ती म्हणाली. “मग ती माणसं उलट विचारत का नाहीत, कधी म्हणून?”

“असं कुणी विचारतं का? कुणी येतो म्हटलं की आपण बरं म्हणतो.”

“तुम्ही म्हणता. मी तीस वर्षं एक्स्चेंजात काढली. लोक ट्रंक कॉल मागायचे आन म्हणायचे, थोड्या वेळानं जोडा. थोडा वेळ म्हंजे काय? मी विचारायची, किती वाजता? किती वाजता ते सांगितलं की त्या वेळेला माणूस फोनजवळ बसतो. नाही सांगितलं तर दिवसभर बसतो. इथंबी मी तेच करते. येते म्हणते आन वार सांगते. जायला जमणार नसलं तर येते म्हणतच नाही, बघू म्हणते. बघू म्हंजे नाही, हे त्या लोहाराला मीच समजावलं.”

चारशे बारा माणसांपैकी एकही वाट बघत का नव्हता, ते आता कळलं. चार इंजिनियरांनी तीन दिवस डोकं खाजवून जे सापडलं नव्हतं ते बार्शीत दह्याबरोबर मिळालं.

मी तिथूनच सारंगला फोन लावला. सांगितलं, काही पुसू नकोस. गावकऱ्यांना एक प्रश्न शिकवू. खेळाडू येतो म्हणाला की त्यांनी विचारायचं, “कधी?” वार सांगितला तर वाट बघायची. बघू म्हणाला तर हसून निरोप द्यायचा.

सारंगनं ऐकून घेतलं. “कल्पना चांगली आहे. पण माझा गड रिकामाच राहणार,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच पडलेला होता. “रेणुका, चार वर्षं लिहिलंय मी ते. एक तरी माणूस वर पोचलेला मला दाखव. मग नाही पुसणार.”

आत्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. दुसऱ्याचा फोन ऐकायची सवय तिची सरकारी होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

“साहेब, मी कुमुद बारबोले. उद्या सकाळी अकराला मी तुमच्या गडावर येते. अकरा म्हंजे अकरा.”

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना नाशकातलं अख्खं ऑफिस मोठ्या पडद्यासमोर जमलं होतं, आणि मी बार्शीत आत्याच्या पलंगाच्या कडेला माझा चष्मा लावून बसले होते. आत्या गडाच्या पायथ्याशी उभी होती. एकटी नव्हती. मागं वाकडीची माणसं होती, त्यांच्यामागं उरलेल्या चार गावांतली, सगळी मिळून चारशे बारा. राही कासारीण, लोहार, वैद्यबुवा, विहिरीवरची बाई. कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या हातात झारा.

“हे कसं काय?” कानात सारंगचा आवाज आला. “सोबती दोनच असतात.”

“नियमात आकडा नाही,” आत्या म्हणाली. “भरवसा पुरा बसला की गावकरी सोबत येतो, एवढंच लिहिलंय. मी नियमांचं पुस्तक वाचलंय.”

तो नियम सारंगनंच चार वर्षांपूर्वी लिहिला होता. दोनपेक्षा जास्त माणसांचा भरवसा कुणी कमावेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

धूम्रासुर काळ्या धुरातून उठला, ठरल्याप्रमाणे गरजला, आणि त्यानं गडाची वाट बंद करणारी आग ओकली. विहिरीवरच्या बायकांनी हंड्यांची ओळ लावून ती विझवली. लोहारानं, दुकानातल्या ज्या तलवारी कुणी घेतल्या नव्हत्या त्या सगळ्या वाटून टाकल्या. असुराच्या धुरात वाट दिसेना तेव्हा आत्या ऑपरेटरच्या आवाजात एकेकाला नावानं हाक मारून उजवीकडे, डावीकडे पाठवत राहिली. तेहेतीस मिनिटांत असुर गुडघ्यावर आला. वैद्यबुवांनी पुढं होऊन त्याला काढा पाजला. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. असुर शांतपणे निवून गेला.

ऑफिसात टाळ्या झाल्या. सारंग म्हणाला, “बाई, शेवटची गर्जना कशी वाटली तुम्हाला? त्यावर मी दोन महिने घालवलेत.”

“छान होती,” आत्या म्हणाली. “जरा लांबली.”

दुपारी फरहीननं चार हजार गावकऱ्यांना तो एक प्रश्न शिकवला. काही पुसलं नाही. संध्याकाळी लातूरच्या गृहस्थांचं पत्र आलं. चहावाला बोलायला लागला होता. त्यांनी त्याला रविवार सांगितला होता आणि आता रविवारी सासुरवाडीला कसं जायचं, हा त्यांना पेच पडला होता.

शनिवारी सकाळी मी निघाले. पिशवीत शेंगाचटणीची बरणी होती, आत्यानं ती तीनदा झाकण तपासून दिली होती. दारात पायताण घातलं, आणि तोंडाला सवय होती म्हणून म्हणाले, “येते, आत्या.”

ती दाराला टेकून उभी होती. “कधी?” तिनं विचारलं.

सहजच विचारलं, आवाजात कसली अढी नव्हती. माझ्या ओठांवर ‘बघू’ आलं होतं. मी ते गिळलं. मनातल्या मनात दोन बैठका रद्द केल्या, एक सुट्टी टाकली, बसचं वेळापत्रक आठवलं.

“पुढच्या महिन्यात. दुसरा शनिवार. दुपारी चार वाजता.”

“बरं,” आत्या म्हणाली.

मी गल्लीतून चालायला लागले. कोपऱ्यावर पोचले आणि नेहमीसारखी मागं वळले, हात हलवायला. दार लावलेलं होतं. शाळेपासून आजवर असं कधी झालं नव्हतं. खिडकीतून आत्याचा खणखणीत आवाज गल्लीभर येत होता. ती राहीला सांगत होती की सुनेचं सोमवारी अकराला बोलू, आज आपल्याला जरा घर आवरायचं आहे.